आतून की बाहेरून?

जुलै महिना. शनिवारची सकाळ. ऑफिसच्या ग्रुपमध्ये शुक्रवारी रात्रीच प्लॅन शिजलेला असतो. लोणावळा, नाहीतर ताम्हिणी, नाहीतर माळशेज. गाडी एकाची, पेट्रोल काँट्रीमध्ये आणि भजी सगळ्यांची! टायरमधली हवा चेक होते, गाण्यांची लिस्ट तयार होते, छत्र्या आणि जॅकेट्स मागे कोंबली जातात. आणि घाट सुरू झाला की दहाव्या मिनिटाला समोरची काच हळूच पांढरी व्हायला लागते...

मग सुरू होतो तो फेमस कार्यक्रम. गाडी चालवणारा एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने काच पुसतो. शेजारचा टिश्यू पेपर शोधतो. मागच्या सीटवरून सल्ल्यांचा पाऊस. "एसी लाव." "एसी बंद कर." "हीटर लाव रे." "काच खाली कर." "अरे भिजतोय मी, वर कर!" चार माणसं, पाच मतं.

गंमत म्हणजे यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर असतो. आणि चुकीच्या वेळी अमलात आणला, तर तोच सल्ला काच आणखी पांढरी करतो. कारण बॉस, सगळा खेळ एका प्रश्नाचा आहे. वाफ काचेच्या आतून धरलीय की बाहेरून?

आधी बोट, मग बटण

उत्तर शोधायला दोन सेकंद लागतात. शेजारी बसलेल्याने (चालवणाऱ्याने नाही, प्लीज!) काचेवर आतून एक बोट फिरवायचं. रेघ उमटली, तर वाफ आतून. बोट कोरडं राहिलं आणि काच तशीच धुरकट दिसली, तर बाहेरून. एकटेच असाल तर वायपरचा एक फटका मारा. काच लख्ख झाली, तर बाहेरून. वायपर फिरूनही ढिम्म फरक नाही, तर आतून.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण दोन्हींवरचे उपाय जवळपास उलटे आहेत. आणि प्रश्न फक्त वैतागाचा नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. फडकं शोधून काच पुसायला तीन सेकंद धरा. म्हणजे ५० मीटर तुम्ही एका हाताने, अर्ध्या नजरेने गाडी चालवली. घाटात ५० मीटरमध्ये एक अख्खं वळण येऊन जातं. समोरून येणारा ट्रकही.

शाळेतलं दव आठवतंय?

थोडं सायन्स, पण झेपेल इतपतच. थंड पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की बाहेरून तिला घाम येतो. तो बाटलीतून झिरपत नाही, हवेतून येतो. हवेत पाण्याची वाफ असतेच. गरम हवा जास्त वाफ धरून ठेवते, थंड हवा कमी. हवा थंड होत होत एका तापमानाला पोहोचली, की तिला ती वाफ धरवत नाही. हाच तो दवबिंदू. जी वस्तू दवबिंदूपेक्षा थंड असेल तिच्यावर पाणी जमतं. गाडीची काच म्हणजे ती बाटलीच. प्रश्न एवढाच, की तिच्या कुठल्या बाजूची हवा जास्त दमट आहे.

आता एक छोटं गणित. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. मध्यम आकाराच्या गाडीत साधारण तीन घनमीटर हवा धरू. म्हणजे एकूण क्षमता सत्तरेक ग्रॅमची. पावसाळ्यात ९० टक्के आर्द्रता असेल, तर त्यातले बासष्ट-त्रेसष्ट ग्रॅम तुम्ही गाडीत बसण्याआधीच भरलेले. उरली जागा फक्त सात ग्रॅमची!

आणि माणूस? नुसता शांत बसलेला माणूसही श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघे मिळून मिनिटाला दोन ग्रॅमच्या पुढे. काचा बंद, बाहेरची हवा बंद, एसी बंद, तर तीन-चार मिनिटांत आतली हवा फुल्ल. त्यात ओल्या छत्र्या, भिजलेले शूज आणि गरमागरम कणसं आली की विषयच संपला. बाहेर पावसाने काच गार झालेलीच असते. खोपोली सोडून खंडाळ्याकडे चढताना हवा आणखी तीन-चार अंश गार होते. काच पांढरी नाही झाली तरच नवल!

एसी म्हणजे थंडी नव्हे

इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोंधळ पक्का बसलाय. एसी म्हणजे थंडावा. त्यामुळे बाहेर गार असेल, पाऊस असेल, की आपण पहिली गोष्ट काय करतो? एसी बंद. "उगाच कशाला पेट्रोल जाळायचं?" नेमकी जेव्हा त्याची गरज सर्वात जास्त असते, तेव्हाच आपण त्याला रजेवर पाठवतो.

खरं तर एसीचा जन्मच मुळी थंडाव्यासाठी झाला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात वेगळीच अडचण होती. हवेतल्या ओलाव्यामुळे कागद फुगायचा, आकसायचा. एकावर एक छापायचे रंग सरकायचे आणि चित्रं बिघडायची. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने (म्हणजे आपल्याच वयाच्या!) त्यावर उपाय म्हणून एक यंत्रणा तयार केली. हवा थंडगार कॉइलवरून न्यायची, तिच्यातलं पाणी कॉइलवर काढून घ्यायचं. मॉडर्न एसीची सुरुवात ती इथे. हवा कोरडी करण्यासाठी.

तुमच्या गाडीतही तेच होतं. एसी लावून गाडी उभी केली की खाली थेंब थेंब पाणी गळतं ना? अनेक जण घाबरून गॅरेजला फोन करतात. अहो, ते तुमच्या गाडीतल्या हवेतलं पाणी आहे! डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर जमून पाइपमधून बाहेर पडलेलं. प्रत्येक थेंब म्हणजे काचेवर न बसलेली वाफ.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे एसी आणि गरम हवा एकत्र चालू शकतात. बहुतेक गाड्यांमध्ये हवा आधी कॉइलवर कोरडी होते आणि मग हीटरवरून जाताना गरम होते. एसीचं बटण चालू, तापमानाचा नॉब लालकडे. हे कॉम्बिनेशन आपल्याकडे फार कमी लोक वापरतात. काच सुकवायला त्याच्याइतका झक्कास उपाय दुसरा नाही.

दादर ते पुणे, व्हाया काका

हा फंडा मला कुठल्या एक्स्पर्टने नाही, दादरहून पुण्याला येणाऱ्या एका शेअर टॅक्सीच्या ड्रायव्हरने दाखवला. मी पुढच्या सीटवर, मागे तिघं. पनवेलपर्यंत सगळं मस्त होतं. मग मागच्या काकांनी फर्मान काढलं, "एसी बंद करा हो, सर्दी झालीय मला." एसी बंद झाला. घाट सुरू झाला. काच धुरकटली. ड्रायव्हरदादा पिवळ्या फडक्याने पुसतायत, पुसल्यावर मिनिटभर दिसतंय, पुन्हा पांढरं. समोरच्या ट्रकचे लाल दिवे पसरून काचभर झाले होते.

"दादा, काही करता नाही का येणार?" मी विचारलं.

"येतं की ताई. पण एसी लागतो त्याला. काका ओरडतील."

काका ओरडलेच. "अहो, तुम्हाला गरम होतंय का? थंडी वाजतेय आम्हाला!"

दादांनी काही वाद घातला नाही. नॉब लालकडे फिरवला, एसी चालू केला, हवा काचेकडे वळवली, आतली हवा फिरवणारं बटण काढलं. "काका, हात पुढे करा. गरम हवा येतेय बघा." काकांनी खरंच हात पुढे केला, चेक केलं आणि मफलर सैल केला. दोन मिनिटांत काच कोपऱ्यापासून उघडत गेली. ट्रक पुन्हा ट्रकसारखा दिसायला लागला. तो आम्हाला वाटत होता त्याच्यापेक्षा बराच जवळ होता, हे तेव्हा कळलं.

दादांना उपाय माहीत होता. अडलं होतं ते "एसी नको" या दोन शब्दांवर. म्हणून पुढच्या वेळी कॅबमध्ये असाल, ड्रायव्हर एका हाताने काच पुसत असेल, तर गप्प बसू नका. "दादा, एसी लावा, नॉब गरमवर ठेवा," एवढं म्हणायला काय जातंय? आणि मागे कुणी काका असतील तर त्यांनाही गरम हवा मिळते. सगळेच खूश!

वाफ आतून असेल तर...

क्रम लक्षात ठेवा. एक, एसी चालू. दोन, तापमान उबदार. तीन, हवेची दिशा समोरच्या काचेकडे. त्या बटणावर पंख्यासारख्या काचेचं चित्र आणि त्यावर वर जाणारे तीन वळणदार बाण असतात. (चौकोनी काचेवरचे बाण म्हणजे मागची काच. हा घोळ भल्याभल्यांचा होतो.) चार, ब्लोअर मोठा. आणि पाच, सगळ्यात विसरलं जाणारं, रिसर्क्युलेशन बंद. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं ते बटण. ते चालू असलं की तुमचाच श्वास गाडीत गोल गोल फिरत राहतो. वाफ वाढते आणि कार्बन डायऑक्साइडही. मग डोकं जड, डोळे जड. लाँग ड्राइव्हवर "झोप येतेय यार" वाटतं, त्यामागे कधीकधी हेही असतं.

"पण बाहेर तर धो धो पाऊस, मग बाहेरची दमट हवा आत कशाला?" एकदम लॉजिकल प्रश्न. पण ती हवा आत येताना त्याच थंड कॉइलवरून येते, पाणी टाकून येते. शिवाय गाडीत चौघांच्या श्वासाने भरलेल्या हवेपेक्षा ती बरीच बरी असते.

गाडीत एसी नसेल किंवा बंद पडला असेल, तर पुढची एक आणि तिच्या तिरकस मागची एक काच बोटभर खाली करा. हवा आरपार खेळते. बाही थोडी भिजेल, पण रस्ता दिसेल. सोबत हीटर काचेवर सोडा. काच दवबिंदूच्या वर गरम झाली की वाफ बसत नाही. थंडीत पुण्या-नाशिकच्या सकाळी इंजिन गार असतं, हीटरला दमात यायला काही मिनिटं लागतात. तोवर निघायची घाई करू नका. काच पूर्ण साफ होऊ दे. मध्ये पोस्टकार्डाएवढं भोक पाडून त्यातून बघत निघणारे महाभाग तुम्हीही पाहिले असतीलच!

वाफ बाहेरून असेल तर...

आता उलटा सीन. मुंबईतला पावसाळा, बाहेर २७ अंश, हवा ओलीचिंब. आत तुम्ही एसी १८ वर ठेवलाय आणि वारा थेट काचेवर. काच इतकी गार होते की बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी सोडते. इथे एसी आणखी वाढवलात तर काच आणखी पांढरी! आतून कितीही पुसा, काही होणार नाही.

इथे वायपर मारा, एसीचं तापमान २४-२५ वर आणा आणि वारा काचेवरून काढून चेहऱ्याकडे किंवा पायाकडे वळवा. बस्स. एक्स्प्रेसवेवर बोगद्यात शिरताना याची खास तयारी ठेवा. आतली हवा गाड्यांमुळे उबदार असते, तुमची काच गार. एका क्षणात समोर पांढरा पडदा येऊ शकतो. घाबरून ब्रेक मारू नका, बोट वायपरच्या दांडीवर ठेवा. बाजूच्या काचांवर थेट एसीचा झोत लागत असेल तर साइड मिररही दिसेनासा होतो. ते व्हेंट्स थोडे आत वळवा.

आणि हो, दिसत नाही म्हणून चारही इंडिकेटर लावून गाडी पळवायची आपल्याकडे फॅशन आहे. तसं केलं की तुम्ही लेन बदलताय ते मागच्याला कळतच नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प. अजिबातच दिसत नसेल तर वेग हळूहळू कमी करा आणि सुरक्षित जागा मिळाली की रस्त्यापासून बाजूला जाऊन थांबा. वळणावर नाही.

आधीच केलं तर?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्वच्छ काच. आपण गाडी बाहेरून धुतो, पॉलिश करतो, पण काच आतून कधी पुसली होती ते आठवा बरं! सिगारेटचा धूर, हातांचं तेल, डॅशबोर्डवर मारलेल्या चकचकीत स्प्रेचा अंश, असा एक चिकट थर तिथे बसतो. वाफेच्या थेंबांना तो आवडतो. समोरून येणारा प्रकाशही त्यावर पसरतो. महिन्यातून एकदा ग्लास क्लीनर आणि मायक्रोफायबरचं फडकं घेऊन आतली बाजू नीट पुसा. दुसरं कोरडं फडकं घेऊन पुन्हा पुसा. प्रवासात मात्र तळहाताने पुसणं टाळा, त्याचे ओघळ रात्री फार त्रास देतात.

शेव्हिंग फोमची ट्रिक ऐकली असेल. ती खरी आहे. फोमचा अगदी पातळ हात काचेला आतून लावायचा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढायचा. मागे साबणाचा न दिसणारा थर राहतो. त्यावर पाण्याचे बारीक थेंब न होता सपाट पारदर्शक पापुद्रा पसरतो. पण वाफ थांबत नाही, फक्त दिसत नाही. काही दिवसांनी परत करावं लागतं.

मग ओलावा. ओली छत्री डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. जिमची बॅग रात्रभर गाडीत नको. फूटमॅट काढून त्याखालचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं असेल तर सुकवा, नाहीतर ते रात्रभर वाफ सोडतं आणि सकाळी काच पांढरी. शूजच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ठेवून काही होत नाही. ते स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी शोषतं, म्हणजे दोन ग्रॅमची पुडी एका माणसाच्या मिनिटभराच्या श्वासातच गार! ठेवायचीच असेल तर अर्ध्या किलोची पिशवी ठेवा आणि अधूनमधून सुकवा.

सगळं करूनही रोज वाफ धरत असेल तर गाडी काहीतरी सांगतेय. केबिन फिल्टर तुंबलेला असू शकतो. एसीचा पाण्याचा पाइप चोंदला असेल तर पाणी शेजारच्या सीटच्या पायाशी येतं. दारांचं रबर गेलेलं असू शकतं. आणि गाडीत गोडसर वास, काचेवर तेलकट थर आणि कूलंट कमी होतंय, असं तिन्ही एकत्र दिसलं तर हीटरमधून गळती असण्याची शक्यता मोठी. मग ट्रिप नंतर, आधी गॅरेज.

एक शेवटची गोष्ट, नवी गाडी बघणाऱ्यांसाठी. शोरूममध्ये सनरूफ आणि टचस्क्रीन बघून आपण फ्लॅट होतो. कधी मागच्या काचेवरच्या त्या बारीक आडव्या रेघांबद्दल विचारता का? तो डिफॉगर. खालच्या व्हेरिअंटमध्ये बरेचदा नसतो. समोरच्या काचेला एसी आहे, वायपर आहे. मागच्या काचेला अनेकदा तेवढाच एक आधार असतो. असेल तर काच पुसताना रेघांच्या दिशेनेच पुसा, आडवं-उभं घासू नका. तार एकदा तुटली की ती रेघ गेलीच.

तर मंडळी, या वीकेंडला निघण्याआधी पार्किंगमध्येच उभे राहून ती चार बटणं एकदा शोधून ठेवा. एसी, नॉब, पंख्यासारखी काच, गोल बाण. घाटात, पावसात, अंधारात मॅन्युअल काढून वाचता येत नाही. आणि मागून पाच सल्ले आले, की शांतपणे एकच विचारा, "आतून की बाहेरून?"

भजी गरम मिळोत आणि काच कोरडी राहो. हॅपी ड्रायव्हिंग!